उलट्या बाजूची बटणं

३ मार्च
दुकानातून

प्रिय दादा,

नमस्कार. पार्सल काल मिळालं. कोट तू नीट गुंडाळून पाठवलास, पण डांबराच्या गोळ्या इतक्या घातल्या आहेस की दुकानात येणारं गिऱ्हाईक आधी शिंकतं आणि मग माप देतं. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने कमी चढ आणि तुझ्यावर ओरडणंही थोडं कमी कर, त्यानेसुद्धा गुडघा दुखतो.

माझं ठीक चाललं आहे. शाळेच्या गणवेशांची गडबड संपली. आता रोजच्या दुरुस्त्या. कमर सैल करा, चेन बदला, बाही आखूड करा. लोक जाड होताहेत, त्यावर आपलं दुकान चाललंय. सध्या घरी एक पाहुणी आहे, त्यामुळे जेवायला सोबत असते. बरं वाटतं.

कोटाबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. कसरीची भोकं रफू करायची, अस्तर बदलायचं, पितळी बटणं उजळायची आणि महिनाअखेरीला परत पाठवायचा. युद्धस्मारकाच्या नव्या दालनात तो काचेच्या कपाटात पुरुषाच्या पुतळ्यावर चढवणार, खाली ‘आमच्या आजोबांचा युद्धातला कोट’ अशी पाटी लागणार आणि उद्घाटनाला तू नातू म्हणून चार शब्द बोलणार. भाषण कसं आहे ते कळवतो म्हणाला होतास. कळव. मला त्यात रस आहे.

कोट टेबलावर पसरला तेव्हा सगळं आठवलं. आजोबा कधी कॅप्टन नव्हते हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं, तरी अख्खी गल्ली त्यांना कॅप्टन म्हणायची आणि आपल्याला ते आवडायचं. दरवर्षी स्मृतिदिनाच्या संचलनात ते हा कोट घालून पहिल्या रांगेत चालायचे. सकाळी आत्याआजी त्याला इस्त्री करायची. आजोबांची ही सख्खी बहीण, दुकानामागच्या खोलीत आयुष्यभर काजं करत बसलेली. पोरं तिला काजवाली म्हणायची. ती इस्त्री करायची, बटणं लावून द्यायची आणि पायरीवर उभी राहून संचलन बघायची. आजोबा पुढून गेले की आत जाऊन पुन्हा काजं.

तुला एक विचारायचं होतं. बटणांचं. पुरुषाच्या कोटाला काजं डाव्या पल्ल्यावर असतात आणि बटणं उजव्या. बायकांच्या कोटाला उलट. हे आपल्याला चालायला लागलो तेव्हापासून ठाऊक आहे. या कोटाला बटणं डावीकडे आहेत. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले, ‘त्या पलटणीत बंदुकीचा पट्टा डाव्या खांद्यावरून यायचा, बटणात अडकू नये म्हणून उलटी.’ मला पटलं. तुलाही पटलं होतं. पुढे मी स्वतः ते दोन-तीन गिऱ्हाइकांना मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं. तीन पिढ्यांचे शिंपी आपण! दुसऱ्या कुणाच्या घरात असा कोट असता तर त्यांना काही दिसलंच नसतं. आपल्याला दिसलं, आणि आपण त्याला कारण शोधून दिलं.

असो. तुझ्या लेकीबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस. सैन्याच्या वाहनदलात तिची निवड झाली हे मला वहिनीकडून कळलं. त्यावर तू जे म्हणालास तेही तिने फोनवर शब्दशः सांगितलं. ‘आपल्या घरातल्या बायका वर्दी शिवतात, घालत नाहीत.’ तेव्हापासून बापलेकीत बोलणं नाही म्हणे. मी त्यावर आज काही लिहीत नाही.

उद्या अस्तर उसवते.

तुझी,
धाकटी


११ मार्च

प्रिय दादा,

फोनवर तू मला बोलू दिलं नाहीस, म्हणून लिहिते आहे. पत्राला मध्येच ‘बरं बरं, ठेव आता’ म्हणता येत नाही, हा त्याचा फायदा.

‘दुरुस्ती सांगितली होती, चिरफाड नव्हे,’ असं म्हणालास. पण अस्तर बदलायचं तर जुनं काढावं लागतं ना? काढलं. आत काय आहे ते सांगते. तू शिवणातला मास्तर आहेस, तुला चित्र काढून दाखवायची गरज नाही.

छातीला उभार देणारे दोन्ही टक, त्या शिवलेल्या चुण्या, उसवलेले आहेत. कापडावर त्यांच्या रेघा अजून दिसतात. कमरेची शिलाई सोडून सैल केली आहे. काखेत दोन्हीकडे पट्टी जोडली आहे, कापड त्याच जातीचं पण रंगात किंचित वेगळं. आणि खाली, नितंबावर जिथे घेर होता, तिथे तो आत घेतला आहे. म्हणजे हा कोट पुरुषासाठी शिवलेला नाहीच. बाईच्या अंगावरचा कोट नंतर पुरुषाच्या अंगाला बसवला आहे. सगळं बदलता आलं, फक्त काजं नाही. काज एकदा कापलं की कापलं. म्हणून बटणं राहिली तिथेच.

आता हे बघ. घेर कायमचा आत घ्यायचा असेल तर आपण काय करतो? जास्तीचं कापड छाटून टाकतो, नाहीतर शिवण जाड होते, इस्त्रीला बसत नाही. इथे ते छाटलेलं नाही. सगळी माया जशीच्या तशी आत दुमडून ठेवली आहे. टकांच्या रेघांवरून पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा टाका घातला आहे, म्हणजे पुन्हा घालायचे झाले तर कुठे घालायचे ते कळावं. आणि टाके इतके बारीक, इतके सारखे की हात कुणाचा हे मला विचारायची गरज पडली नाही. त्या हाताची काजं बघून मी काज शिकले.

दंडावर बिल्ला काढल्याची खूण आहे, आठवतं? आजोबा म्हणायचे, पडला कुठेतरी. तिथलं कापड उन्हाने विटलेलं नाही, त्यामुळे आकार स्पष्ट दिसतो. चाक आणि त्याला दोन पंख. मी तो पातळ कागदावर उतरवला आणि माजी सैनिकांच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी चष्मा वर केला, कागद फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाले, ‘हे बायकांच्या वाहनतुकडीचं. तुमचं कोण होतं?’ मी म्हटलं, तेच शोधतेय. त्यांनी मला वृद्धाश्रमातल्या एका बाईंकडे पाठवलं. त्या तुकडीतल्या या शहरात उरलेल्या त्या एकट्याच. मी त्यांना ड्रायव्हरीणबाई म्हणते.

ड्रायव्हरीणबाई नव्वदी ओलांडलेल्या आहेत. एका कानाने ऐकू येत नाही, आणि दुसऱ्याने फक्त हवं ते येतं. मी कोट त्यांच्या पलंगावर पसरला. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. वरचं बटण एका हाताने लावलं, कोटावरून तळवा फिरवला आणि एकदम ओरडल्या,

‘कुणी वाट लावली याची?’

‘वाट म्हणजे?’

‘अगं, याला छाती होती, कमर होती. हे काय गोणपाट करून ठेवलंय!’

मी हसले. त्या हसल्या नाहीत. बाही उलटून कोपराचं ठिगळ बघितलं. तेच ठिगळ, जिथे आजोबांना गोळी चाटून गेली होती.

‘हा दाभणचा कोट,’ त्या म्हणाल्या. ‘हे ठिगळ माझ्यासमोर लावलंय तिने. बॅटरीचं अॅसिड सांडलं होतं.’

दादा, लहानपणी त्या ठिगळाला हात लावायला तू माझ्याकडून पेपरमिंटच्या गोळ्या घ्यायचास. त्या मला परत हव्यात.

आत्याआजीला तिथे दाभण म्हणायचे. गाडीची ताडपत्री फाटली, स्ट्रेचरचं कापड उसवलं की हीच बसायची दाभण घेऊन. पण तिचं काम शिवायचं नव्हतं. ती रुग्णगाडी चालवायची. ड्रायव्हरीणबाईंनी मला एक दिवस सांगितला. अरुंद रस्ता, पुढे घर कोसळून वाट बंद, वळायला जागा नाही, आत चार जखमी. आत्याआजीने तो अख्खा रस्ता गाडी उलटी काढली. आरसा फुटलेला. मान खिडकीबाहेर.

‘घाबरली नाही?’ मी विचारलं.

‘घाबरली ना! शिव्या देत होती. मला, गाडीला, सरकारला. पण गाडी कशाला घासली नाही.’

दादा, आपल्या मागच्या गल्लीत कापडाचे गठ्ठे घेऊन ट्रक यायचा आणि हमखास अडकायचा, आठवतं? ड्रायव्हर घामाघूम व्हायचा आणि आत्याआजी मागच्या खोलीतून बाहेर यायची, बोटात सुई टोचू नये म्हणून घातलेलं अंगुस्तान तसंच. ‘डावीकडे मार. अजून. अजून. आता सरळ. बस!’ आपण खिडकीत बसून तिच्या नकला करायचो. ‘काजवाली आता विमान उतरवणार’ असं तू म्हणायचास. ट्रक मात्र दरवेळी निघायचा.

मी विचारलं की मग हे असं का झालं. ड्रायव्हरीणबाई म्हणाल्या, युद्धानंतर दाभण एकदाच भेटायला आली होती, तेव्हा सगळं सांगून गेली. घरी परतल्यावर वडिलांनी पहिला प्रश्न केला, ‘इतकी वर्षं कुणाबरोबर राहिलीस?’ ती म्हणाली, ‘गाडीबरोबर.’ त्यावर घरात कुणी हसलं नाही. तिने लढाईचं नाव काढायचं नाही असं ठरलं. सांगायचं काय, तर मुलगी नातेवाइकांकडे होती. मग हिवाळा आला. आजोबांकडे कोट नव्हता आणि बाजारात कापड नव्हतं. हिचा पेटीत पडला होता. हिनेच उसवला, त्यांच्या अंगाला बसवला आणि दिला.

‘लोक त्याला म्हणाले, अरे वा, तूही होतास होय!’ ड्रायव्हरीणबाई सांगत होत्या. ‘पहिल्यांदा तो नाही म्हणाला. दुसऱ्यांदा गप्प बसला.’

‘आणि मग?’

‘मग काय, छाती पुढे काढून चालायला लागला असेल. कोटात जागा केलीच होती हिने.’

‘तिला काही वाटलं नाही?’

‘मी तिला मूर्ख म्हटलं तोंडावर. ती म्हणाली, त्याला थंडी वाजत नाही ना आता, पुरे. आणि मग म्हणाली, मी कापड छाटलेलं नाही.’

मी हे सगळं तुला का लिहिते आहे ते तुला कळलंच असेल. पाटी बदलायला सांग. अजून वेळ आहे.

तुझी,
धाकटी


२० मार्च

दादा,

तुझा फोन आला, आदळलाही. तू जे जे म्हणालास त्याला एकेक करून उत्तर देते, कारण तेव्हा मला फक्त ‘हॅलो’ म्हणता आलं.

‘मेलेल्या माणसाची अब्रू काढतेस,’ असं म्हणालास. आजोबांना मी खोटारडा म्हणत नाही. त्यांचे तळपाय सपाट होते, भरतीत नापास झाले, आणि युद्ध संपेपर्यंत ते या दुकानात बसून सैन्याच्या वर्द्या बेतत राहिले. बोटांना घट्टे पडले होते. हे काम लहान होतं असं तुला वाटतं का? मला नाही वाटत. मी आजही तेच करते. त्यांची मोठी कात्री मी या पार्सलमध्ये ठेवली आहे. कपाटात कोटाशेजारी ठेव आणि पाटी लाव की यांनी वर्द्या शिवल्या. त्या पाटीसाठी मी स्वतः उद्घाटनाला येऊन टाळ्या वाजवीन. पण जे त्यांनी केलं नाही ते त्यांच्या नावावर लागू देणार नाही.

‘भाषण तयार आहे, पाहुणे ठरलेत, आता तोंडघशी पाडतेस,’ असं म्हणालास. भाषण बदल. बोलण्यात तू कधी कुणाला हार गेलास? आणि खरी गोष्ट जास्त चांगली आहे. तुझ्या भाषणातली गोळी फक्त कोपराला चाटून जाते. इथे चार माणसं वाचतात.

‘इतक्या वर्षांनी कुणाला कळणार आहे?’ असंही म्हणालास. हे वाक्य ऐकल्यावर मात्र मी खुर्चीत बसले, कारण जे मी गेल्या पत्रात लिहायचं टाळलं होतं ते आता लिहावंच लागणार.

पाठीकडचं अस्तर मी उसवायच्या आधी कुणीतरी उसवलं होतं आणि परत शिवलं होतं. बाकी सगळा दोरा सुती, जुना, हात लावला की तुटणारा. हा एवढाच पॉलिस्टरचा, चकचकीत, हल्लीचा. तुरपाई सुबक आहे. टाके सगळे उलट्या अंगाला झुकलेले. डाव्या हाताने सुई धरली की झुकतात तसे. या घरात डावखुरा एकच शिंपी झाला, दादा. आजोबा गेल्यावर कोट तुझ्याकडेच होता.

तू उघडलास. तू टक बघितलेस, माया बघितलीस, पांढरा टाका बघितलास. तू माझ्यापेक्षा चांगला कारागीर आहेस, तुला मिनिटभरसुद्धा लागलं नसेल. आणि तू परत शिवून टाकलंस. बाबांना माहीत नव्हतं, त्यांनी कारण शोधलं. तुला माहीत होतं. कोट माझ्याकडे का पाठवलास याचाही मी खूप विचार केला. दुरुस्ती तुला स्वतःला येत होती. मी तेवढंच समजते की तुझ्या हाताला ते दुसऱ्यांदा शिववलं नाही.

मला याचा राग नाही, असं लिहिणार होते. पण आहे. कोटाबद्दल कमी आणि त्या वाक्याबद्दल जास्त. आपल्या घरातल्या बायका वर्दी घालत नाहीत, हे तू तुझ्या मुलीला तोंडावर सांगितलंस, आणि ते खोटं आहे हे त्या खोलीत फक्त तुला ठाऊक होतं.

तर आता काय झालं ते ऐक. रागवायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग रागाव.

कोट मी दुरुस्त केला. पांढऱ्या टाक्यावरून टक परत घातले. कमर आवळली. काखेतल्या पट्ट्या काढल्या, त्या वेगळ्या पुडीत आहेत. घेर सोडला, आणि आत दुमडलेली सगळी माया बाहेर आली. तिच्यावरचा रंग अजून नवा आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना गडद पट्टा दिसतो. तो घालवू नकोस. ठिगळाला मी हात लावलेला नाही. माझ्या हातचं काम मी क्वचित वाखाणते, पण हे झालंय छान.

घालून बघायला अंग हवं होतं. पुतळ्यावर माझा भरवसा नाही, तुला माहीत आहे. म्हणून पाहुणीला उभं केलं.

पाहुणी कोण हे तू ओळखलं असशील. गेले तीन आठवडे तुझी लेक माझ्याकडे आहे. वहिनीला माहीत आहे. ती कामासाठी बाहेरगावी गेली असं तू समजतोस, आणि ते अगदीच खोटं नाही. ती रोज पहाटे पळायला जाते आणि परत येऊन माझ्या स्वयंपाकघराचा फडशा पाडते. वाहन चालवायचा सराव करायला शेजारच्या टेम्पोवाल्याचा टेम्पो मागून घेते. टेम्पोवाला म्हणतो, ‘तुमच्या भाचीला गल्लीतून सरळ जायचं सोडून मागे जायचं वेड का लागलंय?’

कोट चढवून ती आरशासमोर उभी राहिली. मी तोंडात टाचण्या धरून चारी बाजूंनी फिरले. कमरेला बसला, छातीला बसला, बाह्या मात्र बोटभर लांब पडल्या. आत्याआजीचे हात लांब होते, हे मी विसरलेच होते.

मी म्हटलं, ‘थांब, बाही आत घेते, मग बघ कशी दिसतेस.’

‘नको आत्या,’ ती म्हणाली, ‘हा तिचाच राहू दे. मला माझा मिळणार आहे.’

मग तिने बटणं काढायला सुरुवात केली आणि खालच्या बटणाशी थांबली. ‘बाबांना यातलं माहीत आहे?’ असं विचारलं. मी टाचण्या तोंडातच ठेवल्या. तिला मी तुझे टाके दाखवलेले नाहीत. ते तू सांगायचं आहेस. मी जुना दोरा काढला तेव्हा तुझा तेवढा बाजूला ठेवला. तो या पाकिटात आहे. त्याचं काय करायचं ते तूच ठरव.

कोट आजच्या गाडीने निघतोय. पुरुषाच्या पुतळ्यावर तो आता चढणार नाही, बटणं ओढून लावलीत तर काजं फाटतील. स्मारकाच्या व्यवस्थापकांना मी वेगळं पत्र टाकलं आहे, सोबत ड्रायव्हरीणबाईंचा पत्ता दिला आहे. त्यांना बाईचा पुतळा मागवायला सांगितलं आहे, हात लांब असलेला. ते तुला फोन करतील. त्यांना काय सांगायचं तेही तूच ठरव, पण कोट काय सांगायचं ते सांगेलच.

सोमवारी सकाळी लेकीला हजर व्हायचं आहे. पोहोचवायला मी चालले आहे. दुकान बंद ठेवणार, कितीतरी वर्षांनी. तू आलास तर रविवारी ये, मुक्कामाला. तुझी मोठी गाडी आणशीलच, आणि मी कितीही सांगितलं तरी मागच्या गल्लीत घालशीलच. अडकलास तर हॉर्न वाजवू नकोस. तुझी लेक बाहेर येऊन हात करील. ती सांगेल तसं चाक फिरव.

तुझी धाकटी बहीण
आणि या घरातली सध्याची आत्या